नवे इंजिन, बांधलेले इंजिन आणि जाहिरातीतला दावा

मोटारीचे, ट्रकचे किंवा ट्रॅक्टरचे इंजिन कामातून गेले की मालकापुढे चार मार्ग असतात. कंपनीकडून कोरे इंजिन घेता येते. कंपनीने कारखान्यात पुन्हा तयार केलेले इंजिन, जुने जमा करून, घेता येते. आपलेच इंजिन गॅरेजात बांधून घेता येते. मोडीत निघालेल्या दुसऱ्या गाडीचे चालू इंजिन आणून बसवता येते. चारही मार्गांनी गाडी रस्त्यावर येते. पण चारही ठिकाणी मिळणारा माल वेगळा, त्याचे आयुष्य वेगळे आणि त्याची रास्त किंमतही वेगळी. जुने इंजिन धुऊन-रंगवून ‘नवीन’ म्हणून, गॅरेजात बांधलेले ‘कंपनीचे’ म्हणून किंवा अर्धे काम ‘पूर्ण’ म्हणून जाहिरातीत मांडले जाते, तेव्हा ग्राहक एका मालाचे पैसे देऊन दुसराच माल घरी नेतो.

लातूर-नांदेड भागात हा प्रश्न हौशी मोटारमालकांपुरता नाही. मांजरा, रेणा, विकास या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या काळात उसाचा ट्रॅक्टर उभा राहिला तर ऊसतोड टोळीची उचल, वाहतुकीचा करार आणि ट्रॅक्टरचा हप्ता असे तिन्ही एकदम अंगावर येते. सोयाबीन आणि तूर बाजारात येण्याच्या दिवसांत ट्रक, पिकअप आणि ‘छोटा हत्ती’ यांच्या मालकांची स्थितीही तशीच असते. इंजिनाचा व्यवहार बहुधा अशा घाईत होतो. ‘नवीन इंजिन, निम्म्या किमतीत, दोन दिवसांत फिटिंगसह’ हा फ्लेक्स किंवा व्हॉट्सॲपवरचा मजकूर घाईतल्या माणसाला हवे तेच सांगतो. म्हणून त्या मजकुरामागे कोणता माल असू शकतो, हे गाडी चालू असतानाच समजून घेतलेले बरे.

इंजिन बांधण्यात काय काय येते

इंजिन झिजते ते मुख्यतः तीन ठिकाणी. पिस्टन वर-खाली होऊन सिलिंडरची भिंत झिजते. क्रँकशाफ्ट फिरून त्याचे जर्नल आणि बेअरिंग झिजतात. वरच्या हेडमधले व्हॉल्व्ह, त्यांच्या सीट आणि गाइड झिजतात. ही झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजली जाते. एका केसाच्या जाडीइतकी जास्त फट पडली तरी इंजिन ऑइल खाऊ लागते, निळसर धूर मारते, कॉम्प्रेशन उतरते आणि ऑइलचा दाब कमी होतो.

व्यवस्थित बांधणीत इंजिन पूर्ण खोलतात. सगळे भाग रसायनाने धुऊन गंज आणि काजळी काढतात. प्रत्येक भाग मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजतात. सिलिंडर झिजला असेल तर बोअर वाढवून मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा घालतात. ही मापे ठरलेली असतात: ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १ मिलिमीटर. जुने मिस्त्री ती इंचाच्या हजाराव्या भागात ‘दहा, वीस, तीस’ अशी सांगतात. दहा म्हणजे सुमारे ०.२५ मिलिमीटर. ज्या डिझेल इंजिनांत बदलता येणारे लायनर असतात, तिथे नवे लायनर घालून बोअर पुन्हा मूळ मापावर आणता येतो. क्रँक ग्राइंड करून त्याला कमी मापाचे बेअरिंग बसवतात. हेडला तडा आहे का ते दाब देऊन तपासतात, त्याचा पृष्ठभाग सपाट करतात, व्हॉल्व्ह आणि सीट घासून बसवतात. ऑइल पंप, टायमिंग चेन किंवा बेल्ट, सील आणि गॅस्केट नवे घालतात. शेवटी प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने आवळतात.

यातले प्रत्येक काम वगळता येते आणि वगळले तरी इंजिन चालू होते, हीच या धंद्यातली अडचण आहे. फक्त रिंगा बदलून, हेड गॅस्केट घालून आणि वरून रंग मारून दिलेले इंजिन पहिले काही आठवडे नीट बांधलेल्या इंजिनासारखेच वागते. फरक हजारो किलोमीटरनंतर कळतो. तोवर गॅरंटीची मुदत संपलेली असते, किंवा ‘तुम्ही पाणी पाहिले नाही, गाडी तापवली’ हे उत्तर तयार असते.

चार प्रकारचा माल

पहिला प्रकार कोऱ्या इंजिनाचा. यात ब्लॉक, क्रँक, पिस्टन, हेड असे सगळे भाग न वापरलेले असतात. ते पूर्ण असेंब्ली म्हणून मिळते, किंवा हेड नसलेला खालचा भाग म्हणून मिळते. टर्बो, इंजेक्टर, पंप, अल्टरनेटर, सेन्सर हे त्यासोबत येतीलच असे नाही.

दुसरा प्रकार कारखान्यात पुन्हा तयार केलेल्या इंजिनाचा. इथे जुनी इंजिने गोळा करून, खोलून, ठरलेल्या मापांनुसार यंत्रावर काम करून आणि बेंचवर चालवून पाहून पुन्हा विकली जातात. टाटा मोटर्स ‘प्रोलाइफ’ आणि कमिन्स ‘रिकॉन’ या नावांनी असा माल विकतात. तो कोऱ्या मालाहून वेगळ्या नावाने विकला जातो, त्यामुळे ग्राहकाला आपण काय घेत आहोत ते आधीच ठाऊक असते. ब्लॉकसारखा अवजड ओतीव भाग पुन्हा वापरात येत असल्याने धातू आणि ऊर्जा दोन्ही वाचतात, आणि किंमत कोऱ्यापेक्षा कमी राहते.

तिसरा प्रकार स्थानिक गॅरेज आणि लेथ वर्कशॉप मिळून करतात त्या बांधणीचा. मराठवाड्यात सर्वाधिक कामे याच मार्गाने होणे स्वाभाविक आहे, कारण मिस्त्री ओळखीचा असतो आणि मालकाला स्वतःच्याच गाडीचा ब्लॉक परत मिळतो. या कामाचा दर्जा कारागीर, मोजमाप आणि भाग यांवर ठरतो. चांगल्या हाताने मूळ मापावर बांधलेले इंजिन वर्षानुवर्षे चालते.

चौथा प्रकार म्हणजे दुसऱ्या गाडीतून उतरवलेले इंजिन. दिल्लीचे मायापुरी किंवा मुंबईतल्या कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत ते मिळते आणि तिथून जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचते. ते किती चालले आहे, कोणत्या गाडीतून आणि का उतरवले, याचा पत्ता बहुधा लागत नाही. फसव्या जाहिरातीला सर्वांत सोयीचा माल हाच.

जाहिरातीतले नेहमीचे दावे

‘झिरो किलोमीटर इंजिन’ हा सर्वांत मोहक दावा. बांधणीनंतर इंजिन चाललेले नाही, एवढाच त्याचा खरा अर्थ असू शकतो. ब्लॉक आणि क्रँक आधी किती लाख किलोमीटर फिरले, हे तो सांगत नाही. ओडोमीटर गाडीला असतो. सुटे इंजिन किती चालले हे दाखवणारा काटा बहुतेक जुन्या इंजिनांवर नसतोच.

‘कंपनीचे इंजिन’ या शब्दांत तीन अर्थ लपू शकतात. इंजिन मूळ कंपनीने बनवलेले आहे. त्यातले काही भाग कंपनीचे आहेत. किंवा ते कंपनीने पुन्हा तयार केलेले आहे. भंगारातून आलेले पंधरा वर्षांपूर्वीचे इंजिनही पहिल्या अर्थाने ‘कंपनीचे’च असते. ‘ओरिजिनल’ आणि ‘कंपनी फिटेड’ या शब्दांचेही तसेच.

‘फुल इंजिन’ आणि ‘हाफ इंजिन’ हे शब्द दुकानात एका अर्थाने आणि गॅरेजात दुसऱ्या अर्थाने चालतात. सुट्या भागांच्या दुकानात हाफ इंजिन म्हणजे हेड नसलेला, क्रँक आणि पिस्टन बसवलेला ब्लॉक. गॅरेजात हाफ काम म्हणजे क्रँकला हात न लावता केलेले हेड, पिस्टन आणि रिंगांचे काम. एकाच शब्दाखाली खर्चात आणि टिकाऊपणात मोठा फरक पडतो.

‘एक वर्ष गॅरंटी’ हा दावा लेखी नसेल तर निरर्थक ठरण्याचा धोका मोठा, आणि लेखी असला तरी अटींवर अवलंबून. गॅरंटी फक्त भागांची की मजुरीचीही, किती किलोमीटरपर्यंत, इंजिन उतरवण्या-चढवण्याचा खर्च कोणाचा, गाडी ओढून आणण्याचा खर्च कोणाचा, यावर ती किती कामाची ते ठरते. ‘गाडी तापल्यास गॅरंटी नाही’ ही अट रास्त असू शकते. पण रेडिएटर आणि वॉटर पंप न तपासता त्याच गॅरेजने इंजिन बसवले असेल तर ती अट पळवाट बनते.

‘अमुक हजारांपासून पुढे’ ही किंमतही अर्धी असते. जुने इंजिन जमा करण्याची अट, ते दुरुस्त होण्याजोगे नसेल तर आकारली जाणारी रक्कम, मजुरी, ऑइल, कूलंट, फिल्टर, वाहतूक आणि कर हे सगळे धरल्यावर खरी किंमत कळते.

‘कोणत्याही मॉडेलला बसते’ हा दावा अलीकडे अधिक धोक्याचा झाला आहे. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली. बीएस-६ डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर, त्याचे सेन्सर आणि संगणक इंजिनाशी जोडलेले असतात. त्या जागी जुन्या मानकाचे इंजिन बसवले तर गाडी नोंदणीतल्या मानकाशी जुळत नाही, दिव्यांचे इशारे येत राहतात आणि पीयूसीपासून फिटनेसपर्यंत अडचणी उभ्या राहतात.

कायदा काय म्हणतो

पुन्हा बांधलेला माल नवा म्हणून विकणे भारतीय कायद्यात स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे. मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारी प्रथांविषयीच्या एमआरटीपी कायद्यात १९८४ साली कलम ३६-अ घालण्यात आले, तेव्हा अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत पुनर्बांधणी केलेला, वापरलेला, नूतनीकरण केलेला, रिकंडिशन केलेला किंवा जुना माल नवा असल्याचे खोटे भासवणे ही प्रथा आली. तीच तरतूद १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उतरली आणि २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्यातही कलम २(४७) मध्ये कायम आहे. कोणत्याही पुरेशा चाचणीचा आधार नसताना मालाच्या आयुष्याची किंवा कामगिरीची हमी देणे, बिल न देणे आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणे याही त्याच यादीतल्या बाबी आहेत. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती तीस दिवसांची धरतो.

त्याच कायद्याचे कलम २(२८) दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या करते. मालाचे खोटे वर्णन, खोटी हमी, मालाचे स्वरूप किंवा दर्जा यांबद्दल गैरसमज होईल असे विधान आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणे हे सगळे तीत येते. शेवटचा भाग इंजिनाच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. ‘नवीन’ हा शब्द न वापरताही, ‘इंजिन उपलब्ध, एक वर्ष गॅरंटी’ एवढेच लिहून ते वापरलेले असल्याचे दडवणे हीसुद्धा दिशाभूल ठरू शकते.

जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातली चौकट एवढाच अर्थ कायदा घेत नाही. छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमे, इंटरनेट, तसेच सूचनापत्र, परिपत्रक, लेबल, वेष्टन आणि बिल यांचाही व्याख्येत समावेश आहे. त्यामुळे फ्लेक्स, मोबाइलवर पाठवलेला मजकूर, इंजिनावर चिकटवलेला ‘न्यू’चा स्टिकर आणि बिलावरचे वर्णन हे सगळे तपासले जाऊ शकते. ९ जून २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत, सहज दिसेल आणि वाचता येईल असा हवा. मोठ्या अक्षरातला दावा बारीक अक्षरातल्या टिपेने फिरवता येत नाही. मराठीत ‘नवीन इंजिन’ आणि खाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरात अटी, ही पद्धत या सूचनांत बसत नाही.

खोट्या जाहिरातीबद्दल हे प्राधिकरण उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. इतरांनी बनवलेले भाग जोडून माल तयार करणारा किंवा दुसऱ्याच्या मालावर आपली खूण घालणाराही कायद्याच्या व्याख्येत उत्पादक आहे. इंजिने बांधून आपल्या नावाने विकणाऱ्याने हे विसरू नये.

याहून जुना आधार १९३० च्या माल विक्री कायद्याचा आहे. वर्णन करून माल विकला असेल तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असे त्याचे कलम १५ सांगते. बिलावर ‘नवीन इंजिन असेंब्ली’ असे लिहिले गेले की विक्रेता त्या तीन शब्दांना बांधला जातो.

बाहेरच्या देशांतील मोजपट्टी

ग्राहक कायदा ‘पुनर्बांधणी’ आणि ‘रिकंडिशन’ या शब्दांचा उल्लेख करतो. त्यासाठी नेमके कोणते काम झाले पाहिजे, हे तो सांगत नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने वापरलेल्या आणि पुन्हा बांधलेल्या मोटारभागांच्या धंद्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका केली आहे. तिची उजळणी २०१४ मध्ये झाली. तिच्यानुसार, भाग गरजेप्रमाणे खोलून, आतून-बाहेरून स्वच्छ आणि गंजमुक्त करून, सगळे सदोष घटक बदलून किंवा सुस्थितीत आणून, आवश्यक ते यंत्रकाम केलेले असेल तरच ‘रिबिल्ट’ म्हणावे. ‘रिमॅन्युफॅक्चर्ड’ म्हणायचे तर हे काम असा माल नियमित करणाऱ्या कारखान्यात झालेले हवे.

ब्रिटनमध्ये पेट्रोल आणि डिझेल इंजिनांच्या पुनर्निर्मितीसाठी ‘बीएस एयू २५७’ ही कार्यसंहिता २००२ मध्ये आली. तिथल्याच २००९ च्या ‘बीएस ८८८७-२’ या मानकाने आणखी एक कसोटी दिली: पुन्हा तयार केलेल्या मालाची कामगिरी किमान मूळ मालाइतकी हवी आणि हमी नव्या मालाइतकी किंवा जास्त. लातूरच्या ग्राहकाला ही मानके लागू होत नाहीत, पण विक्रेत्याला विचारायच्या प्रश्नांची यादी त्यांतून आयती मिळते.

गोव्याचा निकाल

जुना माल नवा म्हणून विकला गेला तर जबाबदार कोण, याचे उत्तर गोव्यातल्या एका प्रकरणात मिळते. एका ग्राहकाने २०११ च्या बनावटीची नवी कार मागितली आणि विक्रेत्याने त्याला २००९ च्या बनावटीची, आधी चाललेली कार दिली. जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग या तिघांनीही विक्रेत्याबरोबर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले. कंपनीच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी तिच्यापुरता आदेश रद्द केला. कंपनी आणि विक्रेता यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल, तर विक्रेत्याने केलेल्या लबाडीची कंपनीला माहिती होती असे सिद्ध झाल्याशिवाय ती जबाबदार ठरत नाही, असा या निकालाचा आशय आहे.

हा निकाल गाडीचा असला तरी त्याचा धडा इंजिनालाही लागतो. दुकानाच्या पाटीवर मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह आहे, म्हणून कंपनी पाठीशी आहे असे समजू नये. बिल कोणाचे, हमीपत्र कोणाचे, शिक्का कोणाचा, यावर जबाबदारी ठरते.

इंजिन नंबर आणि आरटीओ

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार इंजिन आणि चॅसी या दोन्हींवर नंबर कोरलेला असतो आणि दोन्ही नंबर नोंदणी पुस्तकात असतात. स्वतःचाच ब्लॉक बांधून घेतला तर नंबर बदलत नाही. दुसरे इंजिन बसवले की तो बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलाची माहिती चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला देऊन नोंदणी पुस्तकात फेरफार करून घ्यावा लागतो. एमएच-२४ च्या गाडीसाठी हे काम लातूरच्या आणि एमएच-२६ च्या गाडीसाठी नांदेडच्या परिवहन कार्यालयात होते. हायर-पर्चेसवरच्या गाडीला मालकी असलेल्या वित्तसंस्थेची लेखी संमती लागते.

ही नोंद टाळली तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आणि गाडी विकताना अडचण येते. त्याहून मोठा धोका इंजिनाच्या मूळ मालकाचा आहे. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा चोरीच्या गाडीचा निघाला तर प्रकरण पोलिसांत जाते. चोरीचा माल जाणूनबुजून जवळ बाळगणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून वापरलेले इंजिन घेताना ते ज्या गाडीतून उतरवले तिच्या नोंदणीची प्रत आणि खरेदीची साखळी दाखवणारी बिले मागावीत. ‘कागदपत्रांची गरज नाही, नंबर आम्ही पाहून घेतो’ असे म्हणणाऱ्या दुकानातून बाहेर पडावे.

पैसे देण्यापूर्वी

ब्लॉक, क्रँक, हेड, पिस्टन, लायनर, बेअरिंग, ऑइल पंप, इंजेक्टर आणि टर्बो यांतले कोणते भाग कोरे, कोणते यंत्रकाम केलेले आणि कोणते जसेच्या तसे आहेत, याची यादी मागावी. प्रामाणिक कारागीर ती सहज देतो. पिस्टनच्या माथ्यावर आणि बेअरिंगच्या पाठीवर माप कोरलेले असते. ‘कोरे’ म्हणवल्या जाणाऱ्या इंजिनात ०.५० चा पिस्टन निघाला तर सिलिंडर आधी झिजला होता, हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

शक्य असेल तर इंजिन जोडून बंद करण्याआधी, सुटे असतानाच पाहावे. बोल्टच्या डोक्यांवर आणि गॅस्केटवर सलग मारलेला रंग, सांध्यांतून बाहेर आलेले सीलंट, जुन्या पाण्याच्या डागांवरचा चकचकीतपणा या खुणा बोलक्या असतात. बसवल्यावर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून आकडे लिहून घ्यावेत. पेट्रोल इंजिनात ते साधारण १५० ते २०० पीएसआय आणि डिझेलमध्ये ३५० ते ४५० पीएसआयच्या आसपास असते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात मिळतो. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचा दाब आणि ऑइलच्या झाकणातून येणारी वाफ दोन्ही पाहावे. बदललेले जुने भाग परत मागावेत.

पक्के बिल घ्यावे. त्यावर इंजिन नंबर, भागांची यादी, हमीची मुदत आणि अटी लिहून घ्याव्यात. जीएसटी बिलावरचा कोडही काही सांगतो: डिझेल इंजिनाचा कोड ८४०८, पेट्रोल इंजिनाचा ८४०७, सुट्या भागांचा ८४०९ आणि दुरुस्ती सेवेचा ९९८७ ने सुरू होतो. तोंडी ‘नवे इंजिन’ आणि बिलावर फक्त भाग व दुरुस्तीचे कोड, असे असेल तर त्याचे स्पष्टीकरण मागावे. जुन्या इंजिनाचा कोडही ८४०८ असतो, म्हणून कोडावर विसंबून न राहता ‘नवे’, ‘पुन्हा बांधलेले’ किंवा ‘वापरलेले’ यांपैकी एक शब्द बिलावर हवाच. पाकीटबंद भाग घेताना वेष्टनावर उत्पादकाचे नाव, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा पत्ता छापलेला असला पाहिजे.

फसवणूक झाल्यास

इंजिन बिघडल्यावर पहिली चूक म्हणजे ते लगेच दुसऱ्या गॅरेजात खोलणे. खोललेल्या इंजिनाबद्दल विक्रेता ‘दुसऱ्याने बिघडवले’ असे सहज म्हणू शकतो. आधी विक्रेत्याला लेखी नोटीस द्यावी, त्याला पाहण्याची संधी द्यावी आणि त्यानंतर जाणकाराच्या समक्ष, छायाचित्रे व मापे नोंदवत इंजिन खोलावे. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर जिल्हा आयोगही माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो. जाहिरातीचा फोटो आणि मोबाइलवरचा मजकूर जपून ठेवावा. दावा कोणता होता, हे त्यावरूनच सिद्ध होते.

ट्रक किंवा ट्रॅक्टर भाड्याने चालतो म्हणून मालक ग्राहक नाही, असा बचाव अनेकदा घेतला जातो. स्वयंरोजगारातून स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी वापरलेला माल व्यापारी हेतूचा धरला जात नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात स्वतः चालवण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच ठरतो, असे उदाहरण देऊन सांगितले. अनेक गाड्यांचा ताफा चालवणाऱ्याला मात्र हा मार्ग अवघड जातो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दुकान हैदराबादला किंवा मुंबईला असले तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे लातूर किंवा नांदेडला, तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. एकाच जाहिरातीने अनेकांची दिशाभूल होत असेल तर कलम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी तक्रार पाठवता येते. त्यासाठी तक्रारदाराने स्वतः इंजिन घेतलेले असण्याची अट नाही.

बांधलेले इंजिन घेण्यात कमीपणा नाही. योग्य मापावर, योग्य भागांनी आणि लेखी हमीसह बांधलेले इंजिन बहुतेक शेतकऱ्यांना आणि वाहतूकदारांना कोऱ्यापेक्षा परवडणारा पर्याय आहे. विक्रेत्याने ते बांधलेले आहे असे सांगावे आणि बांधलेल्याचीच किंमत घ्यावी, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. ग्राहकानेही ‘नवे’ हा शब्द जाहिरातीत वाचून पैसे देऊ नयेत. तो बिलावर, इंजिन नंबरासमोर, सही-शिक्क्यासह लिहून मिळत नसेल तर इंजिन नवे नाही असेच धरावे.